हलणारी गोष्ट किती वेळात थांबवता येते? नॉनहार्मोनिक फूरिये सिरीज, सोप्या भाषेत

फूरिये सिरीज बहुतेकांना कॉलेजात भेटते आणि तिथे ती फार शहाण्यासारखी वागते. कुठलंही आवर्ती फंक्शन घ्या, साइन आणि कोसाइनच्या बेरजेत लिहा, आणि त्या साइन-कोसाइनच्या फ्रिक्वेन्सी कोणत्या तर १, २, ३, ४ अशा, सगळ्या एकाच मूळ फ्रिक्वेन्सीच्या पूर्णांक पटीत. फूरियेने हे १८०७ मध्ये पॅरिसला मांडलं तेव्हा लाग्रांजसारख्या मोठ्या गणितज्ञालाही ते पटलं नव्हतं, पण आता ते इतकं अंगवळणी पडलंय की पूर्णांक पटीच का, हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

तर पूर्णांक पटी येतात कारण आपण आदर्श तार गृहीत धरलेली असते, दोन्ही टोकांना ताणून बांधलेली, एकसारखी, अजिबात ताठरपणा नसलेली. तिच्या फ्रिक्वेन्सी खरोखरच १ : २ : ३ : ४ अशा असतात. पण तारेच्या जागी एका टोकाला भिंतीत घट्ट बसवलेली आणि दुसऱ्या टोकाला मोकळी असलेली पट्टी घ्या, तिच्या पहिल्या तीन फ्रिक्वेन्सी साधारण १ : ६.२७ : १७.५५ अशा येतात. गोल, सगळीकडे सारखा ताणलेला पडदा घ्या, तिथे १ : १.५९ : २.१४ : २.३०. पियानोची पोलादी तारसुद्धा पूर्ण आदर्श नसते, ती थोडी ताठर असल्यामुळे तिच्या वरच्या फ्रिक्वेन्सी पूर्णांक पटीपेक्षा जराशा चढ्या असतात, आणि म्हणूनच पियानो ट्यून करणारे सप्तकं किंचित ताणून लावतात. म्हणजे खऱ्या जगात आपल्याला ज्या बेरजा लागतात त्यातल्या फ्रिक्वेन्सी अशा आडव्यातिडव्या असतात, आणि अशा बेरजेलाच नॉनहार्मोनिक फूरिये सिरीज म्हणतात. व्याख्या एवढीच आहे. मजा पुढे आहे.

नेहमीच्या फूरिये सिरीजची सगळी ताकद एका गोष्टीत आहे, ती म्हणजे ऑर्थोगोनॅलिटी. दोन वेगळ्या पूर्णांक फ्रिक्वेन्सीच्या लाटा एकमेकींशी गुणा, एक पूर्ण आवर्तनभर इंटिग्रल घ्या, उत्तर शून्य. त्यामुळे मिश्रणातून प्रत्येक लाट अलगद बाहेर काढता येते, बाकीच्या लाटा मध्ये लुडबुड करत नाहीत. फ्रिक्वेन्सी वाकड्या झाल्या की हे शून्य जातं, प्रत्येक लाटेत शेजारणीचा थोडा अंश मिसळलेला दिसतो, आणि प्रश्न उभा राहतो की ठरावीक वेळ ऐकून या लाटा वेगळ्या करता येतील का, आणि येत असतील तर किती भरवशाने? सिग्नलमध्ये जराशी चूक असली तर उत्तरात पण जराशीच चूक येईल की सगळंच कोसळेल?

हा प्रश्न कागदावरचा वाटतो पण कंपनं थांबवायची वेळ आली की नेमका हाच प्रश्न समोर येतो. ते कसं, हे झोपाळ्यांवरून चांगलं कळतं.

समजा एका ओळीत बरेच झोपाळे टांगलेत, प्रत्येकाच्या दोरीची लांबी वेगळी, आणि सगळे एकाच आडव्या दोरीने अशा पद्धतीने जोडलेत की तुम्ही ती दोरी ओढली की सगळ्यांवर सारखाच जोर पडतो. एकमेकांना ते ढकलत नाहीत, फक्त तुमचा जोर सगळ्यांना वाटून मिळतो. आता सगळे झोपाळे आपापल्या तालात हलतायत, आणि तुमच्या हातात एकच दोरी आहे, आणि तुम्हाला असं ओढायचंय की समजा १ मिनिटानंतर सगळेच्या सगळे एकाच क्षणी स्तब्ध होतील आणि स्तब्धच राहतील. जमेल का?

एका झोपाळ्यासाठी हे कुणालाही जमतं, तो येतोय तेव्हा अडवायचं, जातोय तेव्हा ओढून धरायचं, बस. पण अनेकांसाठी अडचण अशी की ज्या धक्क्याने पहिला मंदावतो त्याच धक्क्याने तिसरा जोरात जाऊ शकतो. एखाद्या धक्क्याचा परिणाम झोपाळा त्या क्षणी त्याच्या फेरीत कुठे आहे यावर ठरतो, आणि ते त्याच्या फ्रिक्वेन्सीवर. गणितात मांडलं तर तुमच्या जोराचं जे काही वेळेनुसार बदलणारं फंक्शन आहे ते प्रत्येक झोपाळ्याच्या फ्रिक्वेन्सीच्या लाटेने गुणायचं, शून्यापासून शेवटच्या क्षणापर्यंत इंटिग्रल घ्यायचं, आणि ते उत्तर एका ठरावीक आकड्याइतकं यायला हवं, जो आकडा त्या झोपाळ्याच्या सुरुवातीच्या हालचालीवरून ठरतो. प्रत्येक झोपाळ्यासाठी अशी एक अट. फंक्शन एकच, अटी अनेक. याला मोमेंट प्रॉब्लेम म्हणतात आणि कंपनांच्या कंट्रोलचं जवळजवळ सगळं गणित या एका वाक्यात मावतं असं मला वाटतं.

आता दोन झोपाळ्यांच्या दोऱ्या अगदी सारख्या लांबीच्या असतील तर? त्या दोघांना कायम सारखाच जोर मिळतो आणि ते त्याला सारखाच प्रतिसाद देतात, त्यामुळे त्यांच्या हालचालीतला फरक तुमच्या हातात कधीच येत नाही, तुम्ही वर्षभर ओढत बसलात तरी एक थांबला की दुसरा हलतच असणार (सुरुवातीला दोघं वेगळे हलत असतील तर). आणि अगदी सारख्या नसून जवळजवळ सारख्या असतील तर? २.५ मीटर आणि २.५५ मीटर घ्या. पहिल्याची एक फेरी साधारण ३.१७ सेकंदांची, दुसऱ्याची ३.२० सेकंदांची. दहावीस सेकंदात या दोघांत फरक जवळपास जाणवतच नाही, तुमचा जोर दोघांना एकसारखाच लागतो. पहिला दुसऱ्याच्या पूर्ण एक फेरी पुढे जायला सव्वापाच मिनिटांच्या आसपास लागतात. तेवढा वेळ दिलात तर त्यांच्यातला फरक पुरता उघडा पडतो आणि एकाला रोखत दुसऱ्याला सोडणं सोपं जातं. झोपाळे मोजकेच असतील तर कमी वेळातही सैद्धांतिकदृष्ट्या थांबवता येतात, पण मग जोर प्रचंड लावावा लागतो, आणि वेळ जितका कमी तितका तो आणखी वाढतो.

म्हणजे सगळी गंमत फ्रिक्वेन्सींमधल्या अंतरात आहे, फ्रिक्वेन्सी स्वतः किती आहेत यात नाही. दोन शेजारी फ्रिक्वेन्सींमध्ये अंतर जास्त तर थोड्या वेळात काम होतं, अंतर कमी तर वाट बघावी लागते. ही एवढी गोष्ट लक्षात राहिली तरी या विषयातले निम्मे प्रमेय वाचायच्या आधीच अंदाजाने सांगता येतात.

खरी तार किंवा पट्टी म्हणजे असे अनंत झोपाळे. तारेचा प्रत्येक मोड, म्हणजे एकाच ठरावीक फ्रिक्वेन्सीने आणि ठरावीक आकारात हलायची तिची एक पद्धत, हा एक झोपाळा, आणि तारेच्या टोकाशी आपण जो जोर लावतो तो सगळ्या मोडना एकाच वेळी लागतो, प्रत्येकाला थोड्या वेगळ्या प्रमाणात. अनंत झाले की नवीन गोष्ट घडते, आता फक्त जोर वाढवून वेळ हवा तेवढा कमी करता येत नाही, तारेच्या बाबतीत एक पक्की मर्यादा येते. उदाहरण घेऊ. अर्ध्या मीटरची तार, तिच्यावर लाट सेकंदाला १०० मीटरने पळते. मूळ फ्रिक्वेन्सी १०० हर्ट्झ, मग २००, ३००, ४००, म्हणजे शेजाऱ्यांमधलं अंतर प्रत्येक ठिकाणी १०० हर्ट्झ. नियम असा की लागणारा वेळ म्हणजे १ भागिले हे अंतर, म्हणजे ०.०१ सेकंद. आता हेच दुसऱ्या बाजूने बघा. तुम्ही तारेचं एक टोक धरलंय, दुसरं टोक बांधलेलं आहे. तुमच्या हातापासून नुकतीच निघालेली एक लाट दुसऱ्या टोकाला जाईल, आपटेल आणि परत येईल, आणि ती परत येईपर्यंत तुम्हाला तिला हात लावता येणार नाही. जाऊन-येऊन १ मीटर, वेग सेकंदाला १०० मीटर, वेळ ०.०१ सेकंद. तोच आकडा! फ्रिक्वेन्सींचं अंतर आणि लाटेची जाण्या-येण्याची फेरी ही एकच गोष्ट दोन ठिकाणांहून दिसते, आणि हे जुळलेलं बघून मला अजूनही छान वाटतं. दोन्ही टोकं तुमच्या हातात असतील तर हा वेळ निम्मा होतो, कारण प्रत्येक लाट कुठल्या ना कुठल्या हाताशी एकदा पोचली की झालं.

पण तारेत पूर्णांक पटी होत्या. वाकड्यातिकड्या फ्रिक्वेन्सी असल्या तर हा नियम टिकतो का? याचं उत्तर १९३६ मध्ये आलं, आणि ते दिलं अल्बर्ट इंगहॅम नावाच्या इंग्रज गणितज्ञाने, ज्याचं मुख्य काम मूळ संख्यांवर होतं. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, त्याने लागोपाठच्या मूळ संख्यांमधल्या अंतरावर एक गाजलेला निकाल दिला. आज त्याचं १९३६ चं प्रमेय कंट्रोल थिअरीत, म्हणजे हलत्या गोष्टी हव्या त्या अवस्थेत कशा आणायच्या याच्या गणितात, जागोजागी वापरलं जातं. प्रमेय साध्या शब्दात असं. फ्रिक्वेन्सी कशाही असोत, कुठल्याही दोन शेजाऱ्यांमधलं अंतर एका ठरावीक आकड्यापेक्षा कधीच कमी होत नसेल, आणि तुम्ही १ भागिले ते अंतर यापेक्षा जास्त वेळ ऐकलंत, तर सिग्नलची एकूण ऊर्जा आणि सगळ्या लाटांच्या ताकदीच्या वर्गांची बेरीज ही एकमेकांच्या मापात राहतात, कुणी कुणापेक्षा मनमानी लहान किंवा मोठं होऊ शकत नाही. म्हणजे ऑर्थोगोनॅलिटी गेली तरी तिच्याजवळ जाणारं काहीतरी हातात राहतं, लाटा वेगळ्या काढता येतात आणि चूक फुगत नाही.

सिद्धता इतकी देखणी आहे की थोडी सांगतोच. नेहमीच्या पद्धतीत आपण ठरलेल्या वेळेतल्या प्रत्येक क्षणाला सारखं वजन देतो, मग वेळ संपते तिथे सिग्नल सपकन कापला जातो, आणि या कापण्यामुळे दोन लाटांची आपसातली मिसळ वाढते. इंगहॅमने मधल्या क्षणांना जास्त वजन दिलं आणि कडेला हळूहळू शून्यावर आणलं, वजन म्हणून कोसाइनची एक अर्धी कमान घेतली, बस एवढंच. त्यामुळे मिसळ झपाट्याने कमी होते, पहिल्या शेजाऱ्याकडून फार तर १/३, दुसऱ्याकडून १/१५, तिसऱ्याकडून १/३५, असं करत जातं, आणि ही अनंत बेरीज १/३ + १/१५ + १/३५ + … बरोब्बर १/२ येते (प्रत्येक पद दोन अपूर्णांकांच्या फरकात फोडलं की मधलं सगळं एकमेकांना खाऊन टाकतं, करून बघा). डावीकडचे शेजारी १/२, उजवीकडचे १/२, एकूण १. आणि लाटेचा स्वतःचा वाटाही १! म्हणजे अगदी काठावर सामना बरोबरीत सुटतो, आणि वेळ त्या मर्यादेपेक्षा जराशीही जास्त असेल तर शेजाऱ्यांची बेरीज १ च्या खाली जाते आणि लाटेचा स्वतःचा आवाज जिंकतो. सिद्धता संपली. अगदी काठावरच्या वेळेला मात्र हमी देता येत नाही, तिथे काही फ्रिक्वेन्सींसाठी जमतं, काहींसाठी फसतं.

याच्या आसपासच्याच काळात दुसऱ्या बाजूने पण काम चालू होतं. रेमंड पेली आणि नॉर्बर्ट वीनर यांनी विचारलं होतं की पूर्णांक फ्रिक्वेन्सी जराजरा हलवल्या तर फूरिये सिरीजची सगळी व्यवस्था कुठपर्यंत शाबूत राहते. पेली १९३३ मध्ये कॅनडात स्कीइंग करताना हिमस्खलनात गेला, वय फक्त २६, त्यांचं एकत्र काम १९३४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांचं उत्तर होतं की प्रत्येक फ्रिक्वेन्सी आपल्या पूर्णांकापासून साधारण ०.१०१ च्या आत हलली तर काही बिघडत नाही. १९४२ मध्ये डफिन आणि ईकस यांनी ही सूट ०.२२ पर्यंत नेली. आणि १९६४ मध्ये मिखाईल कादेत्स याने शेवटचं उत्तर दिलं, ०.२५, म्हणजे पाव. पावाच्या आत कशाही हलवा, चालतं, नेमकं पाव केलं तर बिघडवणारं उदाहरण आधीच माहीत होतं. तीस वर्षं लागली ०.१०१ वरून ०.२५ वर यायला, आणि उत्तर इतकं साधं निघालं. अधेमध्ये १९५२ मध्ये डफिन आणि शेफर यांनी याच प्रश्नावर काम करताना फ्रेम नावाची कल्पना आणली, गरजेपेक्षा जास्त लाटा घेऊन सिग्नल भरवशाने लिहायची पद्धत, तिच्याकडे बरीच वर्षं फारसं कुणी बघितलं नाही आणि १९८६ मध्ये दोबशी, ग्रॉसमन आणि मेयर यांनी ती पुन्हा उचलली तेव्हापासून वेव्हलेट आणि सिग्नल प्रोसेसिंगमध्ये ती सगळीकडे आहे.

कंट्रोलशी हे सगळं पद्धतशीरपणे जोडण्यात डेव्हिड रसेल या अमेरिकन गणितज्ञाचा मोठा वाटा आहे, १९६७ चा त्याचा लेख नॉनहार्मोनिक फूरिये सिरीज आणि कंट्रोल याच विषयावर आहे. मग १९८० च्या दशकात झाक-लुई लियोन्स याने उलटी बाजू फार स्वच्छ करून दाखवली. तो म्हणाला की थांबवता येणं आणि ऐकून ओळखता येणं हे एकाच नाण्याचे दोन भाग आहेत. तारेच्या टोकाशी बसून ठरावीक वेळ फक्त ऐकून, पूर्ण तार सुरुवातीला कशी हलत होती हे तुम्ही भरवशाने सांगू शकत असाल, तर त्याच टोकावरून त्याच वेळात तुम्ही ती थांबवूही शकता, आणि उलटही खरं. त्यामुळे कंट्रोलचा अवघड वाटणारा प्रश्न ऐकण्याच्या प्रश्नात बदलतो, आणि ऐकण्याच्या प्रश्नाचं उत्तर इंगहॅमने पन्नास वर्षं आधी देऊन ठेवलेलं होतं.

आता पट्टीकडे येऊ. दोन्ही टोकांना बिजागरीसारखी टेकवलेली पट्टी असेल तर तिच्या फ्रिक्वेन्सी १, ४, ९, १६, २५ अशा वर्गात वाढतात, म्हणजे शेजाऱ्यांमधली अंतरं ३, ५, ७, ९, वाढतच जाणारी. इंगहॅमचा नियम सरळ लावला तर सगळ्यात लहान अंतर ३ आहे, त्यावरून काहीतरी वेळ मिळेल. पण जरा विचार करा, पहिल्या दहा फ्रिक्वेन्सी बाजूला काढल्या तर उरलेल्यांत अंतर २० च्या वर आहे, पहिल्या हजार काढल्या तर २००० च्या वर. आणि मोजके झोपाळे कधीच खरी अडचण करत नाहीत, हे आपण वर बघितलंच. अलँ हारो याने १९८९ मध्ये एका आयताकृती प्लेटच्या संदर्भात हेच नीट सिद्ध केलं, सुरुवातीच्या कितीही मोजक्या फ्रिक्वेन्सी दाटीवाटीने असल्या तरी चालेल (दोन अगदी सारख्या नसल्या म्हणजे झालं), लागणारा वेळ पुढच्या पुढच्या अंतरांवरून ठरतो. पट्टीत ती अंतरं अनंताकडे जातात, म्हणून पट्टी कितीही कमी वेळात थांबवता येते. कितीही! एक सेकंद, एक मिलिसेकंद, काहीही.

इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण हे वाचून इंजिनियर लोक भुवया उंचावतात आणि त्यांचं बरोबर आहे. पट्टीच्या या समीकरणात लाट जितकी बारीक तितकी ती वेगाने पळते, आणि वेगाला वरची मर्यादाच नाही, म्हणून वेळेलाही खालची मर्यादा नाही. खऱ्या धातूत वेगाला मर्यादा असते, आणि जास्त नेमकं मॉडेल घेतलं, म्हणजे टिमोशेन्कोचं, की मर्यादित वेग परत येतो आणि किमान वेळही परत येतो. शिवाय साध्या मॉडेलमध्येही वेळ कमी करत गेलात तर लागणारा जोर नुसता वाढत नाही, भडकतो. प्रमेय खोटं नाहीये, ते फक्त त्या समीकरणाबद्दल बोलतंय, आणि समीकरण धातूबद्दल किती खरं बोलतं हे वेगळं तपासावं लागतं.

जोर कुठे लावता याचाही तितकाच मोठा वाटा आहे. टोकाशी सगळे मोड हातात येतात, पण तारेच्या बरोबर मधोमध बोट ठेवून जोर लावला तर? सम क्रमांकाचे सगळे मोड मधोमध स्थिर असतात, तिथे त्यांचा नोड असतो, त्यामुळे तुमचा जोर त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. एक तृतीयांशावर लावला तर तिसरा, सहावा, नववा मोड सुटतो. कुठल्याही अपूर्णांकाच्या जागी कुठला तरी मोड सुटतोच. मग वर्गमूळ २ वगैरे घेऊन एखादी अपरिमेय जागा निवडली तर? तर कुठलाच मोड पूर्ण सुटत नाही, पण काही मोडचे नोड तुमच्या बोटाच्या इतके जवळ येतात की त्यांच्यावर तुमचा ताबा नावापुरताच राहतो, आणि असे मोड अनंत असतात. त्यामुळे तारेला स्थिर अवस्थेच्या हवं तितकं जवळ नेता येतं, पण मर्यादित ऊर्जेच्या प्रत्येक सुरुवातीपासून पूर्ण स्तब्ध करता येईल अशी हमी एका आतल्या बिंदूवरून कधीच मिळत नाही. सेन्सर किंवा मोटर कुठे बसवायची हा प्रश्न सोय बघून सोडवायचा नसतो तो यामुळे.

प्रत्यक्ष मशिनरीत लोक अनंत मोडच्या मागे लागत नाहीत, पहिले दोन-चार मोड पकडतात. सगळ्यात साधी युक्ती म्हणजे एक धक्का द्या, आणि त्या मोडच्या अर्ध्या फेरीनंतर तेवढाच दुसरा धक्का द्या, दुसरा धक्का पहिल्याने उठवलेलं कंपन पुसून टाकतो आणि वस्तू हलून जागेवर जाते तेव्हा थरथरत नाही. १९५७ मध्ये ओटो स्मिथ याने ही कल्पना मांडली, १९९० मध्ये सिंगर आणि सीरिंग यांनी तिला इनपुट शेपिंग नावाने पुढे नेलं, आणि क्रेन, रोबोटचे हात अशा ठिकाणी ती चालते. फ्रिक्वेन्सी नेमकी माहीत नसेल तर १ : २ : १ अशा प्रमाणात तीन धक्के देतात, मग थोडी चूक पचते. नीट बघितलं तर हा वरचाच मोमेंट प्रॉब्लेम आहे, फक्त एका झोपाळ्यासाठी सोडवलेला.

पण बाकीचे मोड सोडून दिले म्हणून ते नाहीसे होत नाहीत. तुम्ही पहिल्या तीन मोडसाठी कंट्रोलर बनवला, तर त्याचा जोर चौथ्या-पाचव्यालाही लागतो आणि सेन्सरमध्ये चौथा-पाचवा पण ऐकू येतो, आणि कंट्रोलरला वाटतं की हे पहिल्याच तिघांचं आहे. याला स्पिलओव्हर म्हणतात, मार्क बालास याने १९७८ मध्ये यावर लिहिलं, आणि अंतराळातल्या लांबलचक, हलक्या, लवचिक रचनांसाठी ही तेव्हा फार मोठी चिंता होती, कारण तिथे कंपन शोषून घ्यायला हवा पण नसते. हबल टेलिस्कोप १९९० मध्ये वर गेला तेव्हा त्याचे सोलर पॅनल अंधारातून उन्हात येताना आणि उलट जाताना तापमानाच्या फरकाने थरथरायचे आणि पूर्ण टेलिस्कोप हलायचा, १९९३ च्या दुरुस्ती मोहिमेत ते पॅनल बदलावे लागले.

आणि उशीर. तारेच्या टोकाला असा डॅम्पर बसवता येतो की जो टोकाच्या वेगाच्या बरोबर उलट जोर लावतो, नेमक्या प्रमाणात, आणि मग लाट आदळली की परततच नाही, जाऊन-येऊनच्या एका फेरीत तार पूर्ण शांत. कागदावर याहून सुंदर काही नाही. पण हा जोर जराशा उशिराने लागला तर? डॅटको, लॅग्नीज आणि पोलिस यांनी १९८६ मध्ये दाखवलं की अशा व्यवस्थेत कितीही लहान उशीर घातक ठरू शकतो, कारण वरच्या मोडमध्ये कुठे ना कुठे अशी फ्रिक्वेन्सी असतेच की जिच्या अर्ध्या फेरीइतका तो उशीर भरतो, आणि मग थांबवणारा जोर तिच्यासाठी ढकलणारा जोर बनतो. सुदैवाने खऱ्या तारेत वरचे मोड स्वतःच्या घर्षणाने लवकर विझतात आणि तेच आपल्याला वाचवतं.

आतापर्यंत सगळं एका मितीत चाललं होतं, तार आणि पट्टी. पडद्यावर गेलो की अंतराची कल्पना तुटते. पडद्याच्या फ्रिक्वेन्सी वर जाताना दाटत जातात, एखाद्या फ्रिक्वेन्सीच्या खाली किती मोड आहेत ते साधारण तिच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, त्यामुळे शेजाऱ्यांमधलं सरासरी अंतर शून्याकडे जातं आणि इंगहॅमच्या नियमाने वेळ अनंत निघतो. तरी पडदा थांबवता येतो, कारण आता आपण एका बिंदूशी बसलेलो नसतो, कडेचा एक पूर्ण भाग हातात असतो आणि एकसारख्या फ्रिक्वेन्सीचे मोडसुद्धा त्या कडेवर वेगवेगळ्या आकाराने दिसतात, त्या आकारावरून ते वेगळे काढता येतात. किती कडा पुरते याचं उत्तर बार्डोस, लेबो आणि राउख यांनी १९९२ मध्ये दिलं आणि ते चक्क भूमितीचं आहे, पडद्यावर प्रकाशकिरणासारखी सरळ जाणारी आणि कडेवर आपटून परतणारी कुठलीही रेघ घ्या, ठरलेल्या वेळेत ती तुमच्या हातातल्या कडेवर आलीच पाहिजे. चौकोनी पडद्याची एकच बाजू तुमच्याकडे असेल तर त्या बाजूला समांतर, शेजारच्या दोन बाजूंमध्ये इकडून तिकडे आपटत राहणारी रेघ तुमच्याकडे कधीच येत नाही, म्हणून एका बाजूने काम होत नाही. लागून असलेल्या दोन बाजू घेतल्या की होतं.